शेअर पंधरा लाखांकडे, मग बेकार सव्वा कोटी कसे?

तुमचा प्रश्न मला असा समजला. १९२९ मध्ये अमेरिकेची लोकसंख्या बारा कोटींच्या पुढे होती आणि शेअर दलालांकडे खाती असलेले लोक जेमतेम पंधरा लाख. मग ऑक्टोबर १९२९ मध्ये वॉल स्ट्रीट, म्हणजे न्यूयॉर्कचा शेअरबाजार, कोसळल्यावर १९३३ पर्यंत सव्वा कोटींहून अधिक माणसे, म्हणजे काम करणाऱ्या दर चौघांतला एक, बेकार कसा झाला? एम.ए.च्या निबंधासाठी तुम्ही हे विचारले आहे आणि जोडीला आणखी एक शंका मांडली आहे: ‘विसाच्या दशकात लोकांनी चैन केली, ऐपतीबाहेर कर्जे काढली आणि त्याची शिक्षा भोगली’ हे जे सांगितले जाते, ते कितपत खरे?

माझी पार्श्वभूमी आधी सांगते, म्हणजे मी कुठून बघते आहे ते तुम्हाला कळेल. माझी सगळी नोकरी बँकेच्या शेतीकर्ज विभागात गेली. पुढे नव्या अधिकाऱ्यांना प्रशिक्षण देताना अमेरिकेचा १९१४ ते १९३५ हा काळ मी वर्षानुवर्षे शिकवला, कारण कर्ज कसे चढते आणि कसे बुडते हे समजून घ्यायला त्याच्याइतका चांगला धडा मला दुसरा सापडला नाही. त्यामुळे माझे उत्तर कर्जाच्या फायलीतून आलेले आहे. सुवर्णचलनाचा, म्हणजे चलन सोन्याशी बांधण्याच्या पद्धतीचा, अभ्यास करणारा हीच गोष्ट युरोपपासून सुरू करेल, मध्यवर्ती बँकेचा अभ्यासक व्याजदरापासून करेल. त्यांचेही म्हणणे खरे आहे, आणि ते जिथे येते तिथे मी सांगेन.

तुमच्या प्रश्नाचा गाभा असा: थोड्या लोकांचे नुकसान सगळ्यांच्या घरापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचले? माझ्या मते ते कर्जाच्या वाटेने पोहोचले. ती वाट १९२९ च्या दहा वर्षे आधीच तयार झाली होती, आणि तीही न्यूयॉर्कमध्ये नव्हे, मका-गहू-कापसाच्या शेतांत.

पहिल्या महायुद्धात युरोपातल्या शेतांवर लढाया चालू होत्या आणि रशियाचा गहू काळ्या समुद्रात अडकून पडला होता. १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरली तेव्हा अन्नपुरवठा खात्याची सूत्रे हर्बर्ट हूवर यांच्याकडे आली, तेच पुढे मंदीच्या वेळी राष्ट्राध्यक्ष असलेले हूवर. सरकारने गव्हाला बुशेलमागे दोन डॉलरच्या वर हमीभाव दिला; युद्धापूर्वी तो डॉलरच्या आसपास असे. गव्हाचे बुशेल म्हणजे सुमारे २७ किलो. शेतकऱ्याला सरकारच सांगत होते की पीक वाढवा, देशाला त्याची गरज आहे. त्याने गवताळ माळ नांगरले, शेजारची जमीन घेतली, ट्रॅक्टर घेतला. १९१० ते १९२० या दहा वर्षांत शेतजमिनीवरचे तारणकर्ज दुपटीहून जास्त वाढले. मक्याच्या पट्ट्यातल्या आयोवा राज्यात जमिनीचा एकरी सरासरी भाव १९२० मध्ये २५५ डॉलरपर्यंत गेला.

१९२० च्या उन्हाळ्यात हमीभाव संपला, युरोपची शेती सावरू लागली, आणि युद्धकाळातली महागाई आवरायला न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेने (फेडरल रिझर्व्ह म्हणजे अमेरिकेची मध्यवर्ती बँकव्यवस्था) आपला व्याजदर सात टक्क्यांवर नेला. १९२१ संपेपर्यंत गहू डॉलरच्या खाली आला होता. कापूस १९१९ मध्ये पौंडाला ३५ सेंटने गेला, पुढच्याच पिकाला १६ सेंटच्या आसपास मिळाले. म्हणजे ज्या दशकाला आपण भरभराटीचे दशक म्हणतो ते शेतकऱ्यासाठी सुरू झाले तेच मंदीने. आणि १९२० मध्ये देशातली जवळपास तीस टक्के माणसे शेतावर राहत होती, हा आकडा निबंधात अवश्य ठेवा.

हे नेमके काय होते ते कळावे म्हणून वर्गात मी एक हिशेब फळ्यावर करत असे. शेतकरी काल्पनिक, पण जमिनीचे आणि मक्याचे भाव खरे. आयोवातल्या एकाने १९२० मध्ये शंभर एकर जमीन २५५ डॉलर एकराने घेतली. किंमत २५,५०० डॉलर. निम्मे पैसे पदरचे, निम्मे, म्हणजे १२,७५० डॉलर, कर्ज. व्याज सहा टक्के धरा: वर्षाला ७६५ डॉलर. १९१९ मध्ये मक्याला बुशेलमागे दीड डॉलर मिळत होता, म्हणजे व्याजापुरता ५१० बुशेल मका लागायचा. एकरी चाळीस बुशेल उतारा धरला तर तेरा एकरांचे पीक. हे कर्ज मीही मंजूर केले असते. आता १९३२ कडे या. मका सरासरी ३२ सेंट. तेच ७६५ डॉलर भरायला २,३९० बुशेल, म्हणजे साठ एकरांचे पीक. उरलेल्या चाळीस एकरांत बियाणे, कर, घरखर्च, आणि मुद्दल तर अजून जिथल्या तिथे. १९३३ मध्ये त्याच जमिनीचा सरासरी भाव एकरी ६९ डॉलर. सगळी जमीन विकली तरी ६,९०० डॉलर येणार आणि कर्ज त्याच्या जवळजवळ दुप्पट. या माणसाने एक दिवसही आळस केलेला नाही, एकही शेअर घेतलेला नाही. भाव पडला आणि कर्जाचा आकडा जागचा हलला नाही, एवढ्याने तो बुडाला.

आता त्याला कर्ज देणारी बँक बघा. इथे आपल्या वाचकांचा नेहमी गोंधळ होतो, कारण आपल्या डोळ्यांसमोर शेकडो शाखांची बँक असते. अमेरिकेत त्या वेळी बहुतेक राज्यांत बँकेला शाखा काढायला बंदी किंवा कडक मर्यादा होती. एक गाव, एक इमारत, एक बँक. १९२१ मध्ये देशात तीस हजारांच्या आसपास बँका होत्या. मोठ्या शहरातल्या सावकारांनी गावातला पैसा ओढून नेऊ नये म्हणून लोकांनीच शाखाबंदीचा आग्रह धरला होता, आणि त्यामागची भावना मला पूर्ण समजते. पण परिणाम असा झाला की बँकेच्या ठेवीदारांचे पोट ज्या पिकावर, तिच्या कर्जदारांचेही पोट त्याच पिकावर. आणि तारण म्हणून जमीन कुठली? त्याच तालुक्यातली. भाव पडला की ठेवी काढायला आणि कर्ज थकायला एकाच आठवड्यात सुरुवात. कर्ज छाननीत आम्हाला पहिली शिकवण हीच असे की सगळी कर्जे एका पावसावर आणि एका बाजारभावावर उभी करू नका. त्या बँकांना कायद्यानेच तसे उभे केले होते.

१९२१ ते १९२९ या ‘चांगल्या’ वर्षांत पाच हजारांहून अधिक बँका बुडाल्या, बहुतेक छोट्या गावांतल्या. ओक्लाहोमा, कॅन्सस, नेब्रास्का, टेक्सास अशा आठ राज्यांनी ठेवींना हमी देणारे आपापले निधी उभारले होते. एकेका राज्याचा निधी एकाच प्रकारच्या शेतीवर अवलंबून, त्यामुळे विसाचे दशक संपेपर्यंत त्यांतले जवळजवळ सगळे कोलमडले. शेतमालाला आधार देणारे मॅकनरी-हॉगन विधेयक संसदेने दोनदा मंजूर केले, १९२७ आणि १९२८ मध्ये. राष्ट्राध्यक्ष कूलिज यांनी दोन्ही वेळा ते नाकारले. धोक्याची घंटा इतकी उघड वाजत असताना शहरात ती ऐकू गेली नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

शहरात मात्र भरभराट होती आणि ती खोटी नव्हती. हे मी ठासून सांगते, कारण १९२९ माहीत असल्यामुळे आपण त्या दशकातल्या सगळ्यालाच फुगा म्हणून मोकळे होतो. हेन्री फोर्ड यांच्या हायलंड पार्क कारखान्यात १९१३ मध्ये सरकता जोडणीपट्टा आला आणि मोटारीचा सांगाडा जोडायला साडेबारा तास लागत होते ते काम दीड तासावर आले. १९०८ मध्ये साडेआठशे डॉलरला निघालेली मॉडेल टी १९२४ च्या सुमारास तीनशेच्या आत मिळत होती. दशकाच्या सुरुवातीला सुमारे ऐंशी लाख मोटारी रस्त्यावर होत्या, शेवटी सव्वादोन कोटींच्या पुढे. पिट्सबर्गच्या केडीकेए केंद्राने नोव्हेंबर १९२० मध्ये निवडणुकीचे निकाल रेडिओवरून सांगितले आणि दहा वर्षांत दर दहा कुटुंबांतल्या चारांकडे रेडिओ आला. शहरांतल्या बहुतेक घरांत वीज पोहोचली. शेतावर? दहा घरांतल्या एकात. १९२० च्या जनगणनेत पहिल्यांदाच निम्म्याहून जास्त लोक शहरी वस्त्यांत नोंदले गेले. त्याच वर्षी स्त्रियांना देशभर मतदानाचा हक्क मिळाला. दक्षिणेतले कृष्णवर्णीय कुटुंबच्या कुटुंब उत्तरेकडे निघाले. मागे कापूस पोखरणारे बोंड-सोंडे आणि जमीनदाराची उधारीची वही, पुढे शिकागोतले कत्तलखाने आणि डेट्रॉइटचे मोटार कारखाने. शिकागोत त्यांची वस्ती १९१० मध्ये चव्वेचाळीस हजार होती, १९३० मध्ये दोन लाख चौतीस हजारांच्या घरात.

या खरेदीचा मोठा भाग हप्त्यांवर होता. दशकाच्या शेवटी दर पाच मोटारींतल्या तीन हप्त्याने जात. साधारण पद्धत अशी: एक तृतीयांश रक्कम आधी, उरलेली बारा महिन्यांत. आणि करारातली एक अट नीट बघा, कारण अर्धे उत्तर तिच्यात आहे. हप्ता चुकला तर विक्रेता वस्तू उचलून नेई आणि तोपर्यंत भरलेले पैसेही बहुधा गेलेच. समजा दहा हप्ते भरून झाले आहेत आणि दोन राहिले आहेत. अशा वेळी नोकरीची खात्री वाटेना तर कुटुंब काय करेल? ते मोटार सोडणार नाही. कपडे घेणार नाही, दाताच्या डॉक्टरकडे जाणार नाही, मांस कमी आणेल, आणि नवी कुठलीही वस्तू हप्त्याने घेणार नाही. कर्जवसुलीत मी हे अनेक घरांत बघितले आहे. माणूस आधी पोटाला चिमटा काढतो, मग हप्ता चुकवतो. एका घरासाठी हे शहाणपण आहे. लाखो घरांनी एकाच महिन्यात ते केले की दुकाने ओस पडतात.

फ्लोरिडाच्या जमिनीच्या वेडाबद्दल पुस्तकांत भरपूर मिळेल, म्हणून थोडक्यात. १९२५ मध्ये मायामीत दहा टक्के विसार देऊन मिळालेली पावतीच हातोहात विकली जात होती, जमीन कुणी बघतही नव्हते. १९२६ च्या सप्टेंबरातल्या वादळाआधीच तो बाजार ढासळू लागला होता. देश मात्र त्याने बुडाला नाही, आणि निबंधात हा मुद्दा तुमच्या कामी येईल: सट्टा फुटणे एकट्याने पुरेसे नसते.

आता ऑक्टोबर १९२९. शेअरभावांचा डाऊ जोन्स निर्देशांक ३ सप्टेंबरला ३८१ वर होता. २८ ऑक्टोबरला तो एका दिवसात जवळपास तेरा टक्के आणि दुसऱ्या दिवशी जवळपास बारा टक्के पडला. त्या मंगळवारी एक कोटी चौसष्ट लाख शेअरची उलाढाल झाली. पण एप्रिल १९३० पर्यंत तो २९४ वर परत चढला होता, हे फारसे कुणी सांगत नाही. तळ लागला ८ जुलै १९३२ ला, ४१ वर. म्हणजे जे लोक ‘२९ ऑक्टोबरला सगळे संपले’ असे लिहितात ते अडीच वर्षांची घसरण एका दिवसात कोंबतात. त्या दिवसाने तीन गोष्टी केल्या. उसन्या पैशावर शेअर घेतलेले लोक आणि त्यांना पैसे देणारे दलाल अडचणीत आले. श्रीमंतांचा खर्च आटला, आणि १९२८ मध्ये भांडवली नफा धरून देशाच्या उत्पन्नातला जवळजवळ चौथा हिस्सा वरच्या एक टक्क्याकडे जात असल्याने तो खर्च लहान नव्हता. तिसरी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते: ज्याच्याकडे एकही शेअर नव्हता त्यालाही उद्याची भीती वाटू लागली, आणि त्याने पुढची मोटार लांबणीवर टाकली. १९२९ मध्ये त्रेपन्न लाखांच्या आसपास मोटारी आणि ट्रक तयार झाले, १९३२ मध्ये तेरा-चौदा लाख. मोटार थांबली की पोलाद, काच, रबर, रंग, पेट्रोलपंप, रस्ताबांधणी हे सगळे थांबते. नोकऱ्या पहिल्यांदा इथे गेल्या.

एवढ्यावरही हे एक वाईट वर्ष ठरले असते. त्याची महामंदी झाली ती बँकांमुळे.

नोव्हेंबर १९३० मध्ये नॅशव्हिलची कॉल्डवेल अँड कंपनी कोसळली आणि तिच्याशी बांधलेल्या दक्षिणेतल्या बँका तिच्यासोबत गेल्या. ११ डिसेंबरला न्यूयॉर्कमध्ये ‘बँक ऑफ युनायटेड स्टेट्स’ बंद झाली. नाव सरकारी वाटले तरी ती खासगी बँक होती. चार लाखांहून जास्त ठेवीदार, त्यांत शिवणकारखान्यांत काम करणारे ज्यू स्थलांतरित मोठ्या संख्येने, आणि जवळपास वीस कोटी डॉलरच्या ठेवी. पुढे काही वर्षांत ठेवीदारांना डॉलरमागे ऐंशी सेंटहून जास्त परत मिळाले. म्हणजे आत काहीच नव्हते असे नाही. पण ज्या हिवाळ्यात भाडे द्यायचे होते त्या हिवाळ्यात हातात काही नव्हते. त्याआधी, जुलै १९३० च्या अखेरीस, शिकागोत जेसी बिंगा या कृष्णवर्णीय बँकमालकाची बँक बंद पडली होती. दक्षिणेतून आलेल्या कुटुंबांनी कत्तलखान्याच्या मजुरीतून साठवलेले पैसे तिच्यात होते. कामावरून पहिल्यांदा काढले गेले तेही तेच लोक.

बँकेच्या आतून हे कसे दिसते ते सांगते. ठेव मागताक्षणी द्यायची असते, कर्ज मात्र हंगामाला किंवा पाच वर्षांनी परत येणार असते. शेजारच्या गावची बँक बुडाल्याची बातमी आली की आपला ठेवीदार रांगेत उभा राहतो. त्याला दोष देता येत नाही, ठेवविमा नव्हता. मग शहाणा व्यवस्थापक काय करतो? नवे कर्ज थांबवतो, जुने परत मागतो, तारण विकायला काढतो. सगळेच विकायला काढतात म्हणून तारणाची किंमत पडते, म्हणून आणखी बँका पोकळ ठरतात. १९३० ते १९३३ या काळात सुमारे नऊ हजार बँका बंद पडल्या आणि देशातला एकूण पैसा, नोटा आणि बँकठेवी मिळून, सुमारे एक तृतीयांशाने घटला. सप्टेंबर १९३१ मध्ये ब्रिटनने सुवर्णचलन सोडल्यावर अमेरिकेतून सोने बाहेर जाऊ लागले, तेव्हा न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेने काही दिवसांत दर दीड टक्क्यावरून साडेतीनवर नेला. बुडत्याला हात द्यायची ज्याची जबाबदारी, त्यानेच दोर आखडला. सुवर्णचलनाचे अभ्यासक म्हणतात की सोने सांभाळायचे तर दुसरा मार्ग नव्हता. मला हा बचाव पटत नाही, पण तुम्ही दोन्ही बाजू मांडा.

तुलनेसाठी कॅनडा बघा. तीच गव्हाची शेती, तोच भाव, तीच बेकारी, आणि अमेरिकेशी घट्ट बांधलेला व्यापार. पण तिथे देशभर शाखा असलेल्या मोजक्या मोठ्या बँका होत्या, आणि १९३० ते १९३३ मध्ये त्यांतली एकही बुडाली नाही. तरी कॅनडात मंदी अतिशय तीव्र होती, म्हणून बँका हे एकमेव कारण मानू नका.

इथपर्यंतचा धागा एकदा हाती घेऊ. युद्धकाळातल्या भावावर काढलेली शेतीकर्जे. एका पिकावर उभ्या असलेल्या हजारो सुट्या बँका. शहरात हप्त्यांवर चाललेली खरी भरभराट. शेअर पडल्यावर सगळ्यांनी एकदम आखडलेला हात. आणि मग बँका बुडून आटलेला पैसा. यातून १९२९ ते १९३३ मध्ये किमती साधारण पाव हिश्शाने उतरल्या. किमती उतरल्या म्हणजे स्वस्ताई झाली, असे वाटते. ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे त्याच्यासाठी प्रत्येक उरलेला डॉलर महाग झाला. येल विद्यापीठाचे अर्थतज्ज्ञ अर्व्हिंग फिशर यांनी ऑक्टोबर १९२९ मध्ये शेअरचे भाव कायमच्या उंच पठारावर पोहोचल्यासारखे दिसतात, असे जाहीर सांगितले होते आणि त्यात स्वतःची संपत्ती गमावली. त्यांनीच १९३३ मध्ये हे कोडे उलगडून दाखवले: लोक जितके जास्त कर्ज फेडायला धावतात तितक्या किमती पडतात आणि उरलेले कर्ज तितके जड होते.

घरकर्जाचेही तेच. आज आपण पंधरा-वीस वर्षांचा समान मासिक हप्ता गृहीत धरतो. विसाच्या दशकातले अमेरिकी घरकर्ज बहुधा तीन ते पाच वर्षांचे, निम्म्या किमतीपर्यंतचे, आणि अनेकदा मुदतीत फक्त व्याज भरायचे. मुदत संपली की मुद्दल एकरकमी द्या किंवा कर्ज नवे करून घ्या. चांगल्या काळात नवे करून मिळत होतेच. १९३१-३२ मध्ये बँक स्वतःच दारे लावून बसलेली, नवे करणार कोण? नियमाने व्याज भरलेल्या माणसाचेही घर त्यामुळे लिलावात गेले.

शेतावर लोकांनी या लिलावांना स्वतःच उत्तर शोधले. आयोवा, नेब्रास्का भागात जप्तीच्या दिवशी शेजारपाजारचे शेतकरी शेकड्याने जमत. गाय पुढे आणली की एक जण काही सेंटची बोली लावी आणि बाकीचे गप्प. बाहेरचा कुणी वर बोली लावू लागला की त्याच्याभोवती माणसे उभी राहत. काही वेळा छपराच्या आढ्याला फास टांगलेला असे. सगळी अवजारे-जनावरे दोन-चार डॉलरात घेऊन ती मूळ मालकाला परत देत. एप्रिल १९३३ मध्ये आयोवातल्या ल मार्स गावी तर जमावाने जप्तीचे हुकूम देणे थांबवत नाही म्हणून न्यायाधीशाला कोर्टातून ओढून बाहेर नेले, गळ्यात दोर घातला. शेवटी सोडून दिले. ही माणसे क्रांतिकारक नव्हती. चर्चला जाणारी, जमीनमालक, बहुतेकदा रिपब्लिकन पक्षाला मत देणारी. त्या हिवाळ्यात काही जण शेगडीत मकाच जाळत होते, कारण विकून येणाऱ्या पैशात तेवढी ऊब देणारा कोळसा मिळत नव्हता.

म्हणून ‘चैनीची शिक्षा’ या सांगण्याशी मी सहमत नाही. सट्टेबाज होते, बनवाबनवी होती, हप्त्याने अनावश्यक वस्तू घेणारेही होते. पण सव्वा कोटी बेकारांत बहुसंख्य असे होते ज्यांनी त्या वेळच्या भावाने, त्या वेळच्या नियमाने, शहाणा माणूस घेईल तेवढेच कर्ज घेतले होते किंवा घेतलेही नव्हते. कर्जखाते तपासताना मी नेहमी दोन प्रश्न वेगळे ठेवले: या माणसाने चूक केली का, आणि त्याच्याभोवतीचा बाजार बदलला का? १९३० च्या बहुतेक खात्यांत उत्तर दुसरे आहे.

कोणाचे काय झाले हे मात्र परिस्थितीवर फार अवलंबून होते. ज्याचा पगार चालू राहिला आणि ज्याच्यावर कर्ज नव्हते, अशा पोस्टातल्या कारकुनाला किंवा प्राध्यापकाला थोडी पगारकपात होऊनही वस्तू परवडत होत्या. दक्षिणेतला वाटेकरी, म्हणजे दुसऱ्याची जमीन पिकाच्या वाट्यावर कसणारा, विसाच्या दशकातही गरीबच होता. १९२९ मध्ये दर दहा हजार लोकांमागे एकशे एक लग्ने होत होती, १९३२ मध्ये एकोणऐंशी. तरुणांनी संसारच पुढे ढकलले. शहराकडचा ओघ उलटला आणि लोक आईवडिलांच्या शेतावर परतले. विवाहित स्त्रियांनी पुरुषांची कामे हिरावली असा ओरडा झाला. १९३२ च्या कायद्याने पती-पत्नी दोघेही केंद्र सरकारी नोकरीत असतील तर कपातीच्या वेळी एकाला आधी काढायचे ठरले, आणि प्रत्यक्षात ती बहुधा पत्नीच ठरली. तरी शाळा, कचेऱ्या, इस्पितळे इथली ‘बायकांची’ मानली गेलेली कामे पोलाद आणि मोटारींइतकी कोसळली नाहीत, म्हणून अनेक घरांत तिचाच पगार टिकला. मेक्सिकन वंशाच्या लाखो लोकांना देशाबाहेर पाठवले गेले, त्यांत अमेरिकेत जन्मलेले नागरिकही होते.

आपल्याकडचा संबंध विचारला नाहीत, पण एक वाक्य देते, कारण तो खरा आहे: कापसाचा भाव जगाच्या बाजारात ठरत असल्याने १९३१ च्या पिकाला अमेरिकेत पौंडामागे सहा सेंटही मिळेनात तेव्हा वऱ्हाड-खानदेशातही भाव कोसळले, आणि सप्टेंबर १९३१ नंतर गावोगावचे मोडलेले दागिने सोने म्हणून मुंबई बंदरातून बाहेर गेले.

मार्च १९३३ मध्ये फ्रँकलिन रूझवेल्ट सत्तेवर आले तोवर बहुतेक राज्यांनी बँका बंद किंवा मर्यादित केल्या होत्या. त्यांनी देशभरच्या बँकांना सुट्टी दिली, तपासणी केली, १२ मार्चच्या रविवारी रात्री रेडिओवरून साध्या भाषेत बँक कशी चालते ते सांगितले, आणि सोमवारी ठणठणीत बँका उघडल्या तेव्हा लोक घरात लपवलेला पैसा परत भरायला आले. १ जानेवारी १९३४ पासून अडीच हजार डॉलरपर्यंतच्या ठेवींना विमा मिळाला. दोन बँका बुडाल्यानंतर भारताने तीच कल्पना १९६२ मध्ये आणली. घरकर्जासाठी सरकारी महामंडळाने बुडत आलेली सुमारे दहा लाख कर्जे घेऊन ती पंधरा वर्षांच्या समान हप्त्यांत बदलली. शेतीला मात्र पीक कमी करण्यासाठी जे अनुदान आले ते जमीनमालकाच्या हाती पडले. कापूस उपटला गेला आणि दक्षिणेतले वाटेकरी झोपड्यांतून बाहेर काढले गेले. जुलै १९३४ मध्ये आर्कान्सॉतल्या टायरोन्झा इथे गोऱ्या आणि काळ्या वाटेकऱ्यांनी मिळून आपली संघटना काढली ती याच कारणाने.

निबंधासाठी माझी सूचना एवढीच की सगळा देश घेऊ नका. आयोवा घेतलेत तर १९१७ पासून सुरुवात करा आणि जमिनीचा भाव, मक्याचा भाव, तारणकर्ज ही तीन आकड्यांची ओळ १९३३ पर्यंत आणा. डेट्रॉइट घेतलेत तर फोर्डने १९१४ मध्ये कामगारांना दिलेल्या पाच डॉलर रोजापासून सुरुवात करून फेब्रुवारी १९३३ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरने राज्यातल्या सगळ्या बँका बंद केल्या तिथपर्यंत या. दोन्हींत २९ ऑक्टोबर १९२९ मध्येच कुठेतरी येईल, आणि तो पानाच्या कितव्या भागात येतो ते तुम्हालाच दिसेल. लिहिताना एखादा आकडा अडला तर पुन्हा विचारा, त्या वर्षांचे भाव माझ्या टिपणांत आहेत.